हातात दिलेला चाकू

"खाली ठेव! हातात नोको देऊ बे!"

तिघे एकदम ओरडले. खुशालराव पटवाऱ्यांचा चाकू धरलेला हात तसाच हवेत थांबला. गावच्या पटवाऱ्याला 'बे' म्हणायची छाती एरवी हिवरखेडात कुणाची नव्हती. पण बाजाराच्या दिवशी चिंचेखाली जो दुपट्टा अंथरला जायचा, त्याच्याभोवती मांडी घातली की पटवारी काय, माळी काय आणि लोहार काय, सगळे अरे-तुरे. हा तिथला पहिला कायदा. दुसरा कायदा खुशालराव आत्ता मोडता मोडता राहिले होते.

"काहून? हातात देल्ला तं काय हात झडते?" खुशालराव बदलून येऊन महिनाच झाला होता, त्यांना अजून सगळे कायदे ठाऊक नव्हते.

"हात नाई झडत," नत्थुजी माळी समजुतीच्या सुरात म्हणाले. "भांडन होते. धारेची वस्तू ह्या हातातून त्या हातात गेली का देनाऱ्याचं अन् घेनाऱ्याचं फाटलंच समज. तू दुपट्ट्यावर ठेव. मी उचलतो."

खुशालरावांनी चाकू दुपट्ट्यावर ठेवला. नत्थुजींनी तो उचलला, पातं उघडून अंगठ्याच्या आडव्या बाजूने धार चाचपली आणि मान डोलावली. चाकू विलायती होता, अमरावतीहून आणलेला. दोन पाती आणि शिवाय बाटलीचं बूच उपटायचा एक मरोड. बूच असलेली बाटली खुशालरावांच्या घरात कधी आली नव्हती, पण मरोड दाखवताना त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की विचारायची सोय नव्हती.

"आता उघडला ना? मंग काप काईतरी," सूर्यभान लोहार म्हणाला आणि त्याने काकडीच्या जातीचं एक शेंदाड पुढे सरकवलं. हा तिसरा कायदा. उघडलेला चाकू कोरडा मिटायचा नाही, कोरडा मिटला की तो रुसतो. म्हणून दुपट्ट्यावर काकडी, पेरू, उसाचं कांडं, काही ना काही असायचंच. उन्हाळ्यात काहीच मिळालं नाही तर बाजारातली वाळकी काडी कापून चाकवाची समजूत काढत.

गाव त्यांना 'चाकूकंपनी' म्हणायचं. नत्थुजींच्या पार्बताबाई तर भर ओट्यावर म्हणायच्या, "आमच्या घरातली पावशी आलुबी कापत नाही, अन् हे बुवा चिचेखाली बसून दुनियेच्या चाकवाले धार लावून राह्यले!" यात खोटं काही नव्हतं. भाजी चिरायच्या पावशीची धार खरोखरच गेली होती. पण खिशातला चाकू आणि घरातली पावशी यांत फरक असतो, हे बायकांना सांगून पटत नाही आणि पुरुषांना सांगावं लागत नाही.

कंपनीत खरा शौकीन होता किसनराव. काळ्या मातीचं बारा एकर वावर, मोटेची विहीर, आणि बैठकीतल्या दिवाणाखाली पत्र्याची पेटी. त्या पेटीत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले एकोणीस चाकू. शेगावच्या बाजारातला पितळी मुठीचा, कुण्या फकिराने दिलेला वाकड्या पात्याचा, सासऱ्याचा, सासऱ्याच्या भावाचा. किसनराव वऱ्हाडात जिथे जाई तिथून चाकू आणी. बायकोने, माणिकबाईंनी, एकदा लुगडं सांगितलं होतं, तेव्हाही चाकूच आला होता. ती गोष्ट त्यांनी पंचवीस वर्षं जपून ठेवली होती.

नत्थुजींचं तसं नव्हतं. त्यांच्याजवळ एकच चाकू, आणि त्या चाकवावर त्यांचं पोट. ते संत्र्याची कलमं बांधत. तरुणपणी वरूडला जाऊन ही विद्या शिकून आले होते. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर एक आडवी चीर, एक उभी चीर, साल दोन्हीकडून हलकेच उचलायची, संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा न फुटलेला कोंब, आत सरकवायचा आणि केळीच्या सोपटाने बांधून टाकायचा. चीर सालीपुरतीच गेली पाहिजे. लाकडाला लागली की डोळा मेला. नत्थुजी बांधायचे त्यातले शंभरात नव्वद डोळे फुटायचे. लोक म्हणत, नत्थुजीच्या हाताला गुण आहे. नत्थुजी म्हणत, गुण हाताला नाही, चाकवाला आहे. मला विचाराल तर दोन्हीला होता. ज्या माणसाने उभ्या जन्मात एक झाड वाकडं कापलं नाही, त्याला एवढं म्हणायला काय हरकत आहे?

तो चाकू सूर्यभानच्या हातचा. सूर्यभानने दहा वर्षं अकोल्याच्या जिनात मिस्त्रीच्या हाताखाली काढली होती. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्याला लांब पोलादी पातं असतं. ते झिजलं की मोडीत जातं. तसलं एक पातं तो गावी घेऊन आला आणि त्याचे दोन तुकडे करून दोन चाकू घडवले, एक नत्थुजीला, एक किसनरावला. किसनरावचा पाखऱ्या बैल त्याच साली म्हातारा होऊन मेला होता, त्याच्याच एका शिंगाच्या दोन्हीला मुठी. "एका मायचे दोन लेकरं हायेत," देताना सूर्यभान म्हणाला होता. अर्थात दोन्ही दुपट्ट्यावर ठेवून. पेटीत एकोणीस चाकू असले तरी किसनरावच्या खिशात तो विसावा कायम असायचा.

म्हणूनच त्या मार्गशीर्षातल्या सकाळी तो खिशात नव्हता, याचं त्याला स्वतःलाच भान राहिलं नाही.

सुभद्रा, त्याची लेक, बाळंतपणाला आली होती. पोराला चौथा दिवस. उशाला लोखंड पाहिजे म्हणून माणिकबाईंनी नवऱ्याच्या खिशातला चाकू काढून बाळाच्या उशीखाली ठेवला होता. इकडे वावरात मोट चालू होती. किसनरावने संत्र्याच्या बागेसाठी शंभर जंबेरीचे खुंट लावले होते, त्यांचं ओलित चाललं होतं. पौषात नत्थूने डोळे बांधायचे हे न बोलता ठरलेलं. नत्थुजी खुंट पाहायलाच आले होते. तेवढ्यात मोटेच्या धावेवरून बैलाचा पाय घसरला, तो आडवा झाला आणि जुवाला बांधलेला गळ्यातला दोर फासासारखा आवळला. बैलाचे डोळे पांढरे झाले.

किसनराव बैलाच्या मानेवर अर्धा लोंबकळत होता. एक हात खिशात गेला, रिकामा बाहेर आला.

"नत्थू! चाकू! चाकू दे लवकर!"

नत्थुजींनी पळता पळता चाकू उघडला आणि उघडाच किसनरावच्या पुढे आलेल्या हातात दिला. एका झटक्यात दोर तुटला. बैल फुरफुरला, थरथरला आणि उठून उभा राहिला. दोघे तिथेच धावेवर बसले. किसनरावने चाकू धोतराला पुसला, मिटला आणि नत्थुजींकडे करणार, तोच थांबला. मग तो त्याने अलगद मातीवर ठेवला.

"हातात देल्ला तू," किसनराव म्हणाला.

"तू हातातच घेतला."

दोघे हसले. पण ते हसू घोटभर पाण्यासारखं होतं, घशाखाली गेलं आणि संपलं.

त्या दिवसापासून दोघेही भांडणाची वाट पाहू लागले. चाळीस वर्षांची मैत्री. लहानपणी एकाच आंब्यावरून पडून दोघांचा डावाच हात मोडला होता. आणि आता ते एकमेकांशी असे बोलू लागले जसं कुणी काचेच्या भांड्यातून तेल ओततं. किसनराव कापसाच्या भावाचं बोलला तर नत्थुजी चटकन "हो हो, बरोबर हाय" म्हणत, वाद नको म्हणून. नत्थुजींनी शेंदाड कच्चं आहे म्हटलं तर किसनराव ते कच्चंच मुकाट्याने खाई. पूर्वी दर बाजाराला दोघांत चारदा तरी जुंपायची आणि पाचव्यांदा हशा व्हायचा. आता जुंपेचना. जुंपेना तसा हशाही पिकेना.

मग नत्थुजींनी विचार केला, भेटलोच नाही तर भांडण होईल कसं? महिनाभर टाळू, साडेसाती टळेल. ते एक बाजार चुकले. पुढच्या बाजाराला किसनराव चुकला, त्यालाही हेच सुचलं होतं. पुढे सवयच पडली. एका बाजाराला दुपट्ट्याशी हा, दुसऱ्याला तो. चुकून वाटेत गाठ पडलीच तर, "बरे हा ना जी किसनराव?" "हो जी नत्थुजी, तुमी बरे?" चाळीस वर्षांत पहिल्यांदा दोघांच्या तोंडात एकमेकांसाठी 'तुमी' आलं. सूर्यभानने ते ऐकलं तेव्हा त्याला भात्याच्या धुरापेक्षा जास्त झोंबलं.

पौष आला. बाग बांधायची म्हणजे दहा-बारा दिवस रोज एकत्र राहणं आलं, आणि एवढ्या दिवसांत भांडण व्हायला कितीसा वेळ लागतो! त्या भीतीने किसनरावने वरूडहून दुसराच कलमवाला बोलावला. नत्थुजींना ते बाजारात, भाजीवाल्या गंगूबाईकडून कळलं. त्यांनी हातातली वांगी परत पाटीत ठेवली आणि तसेच घरी गेले. त्या रात्री जेवले नाहीत.

"काय झालं जी?" पार्बताबाईंनी विचारलं. "किसनभावजीसंग भांडले काय?"

"नाई."

"मंग हा दीड महिना अबोला कायचा धरून राह्यले तुमी?"

"भांडन होऊ नाही म्हून."

पार्बताबाईंनी कपाळाला हात लावला. "बरं हाय बाप्पा हे. उद्या मेल्यावर रडा लागू नाही म्हून आजच रडून घ्या!"

दोन दिवाळ्या गेल्या. वरूडच्या माणसाने घाईत बांधलेल्या शंभर डोळ्यांतले चाळीसच धरले. बाकी साठ खुंट नुसतेच जंबेरीचे, काटेरी आणि दांडगे वाढले. नत्थुजींची वाट त्याच वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरूनच होती. जाता-येता त्या साठ खुंटांकडे बघून त्यांचा हात खिशात जायचा, चाकवाची मूठ चाचपायचा आणि परत यायचा. दोष कुणाचा म्हणावा? भांडण टाळायला गेले आणि भांडणाने जे झालं असतं ते सगळं झालं, फक्त भांडण तेवढं राहिलं.

मग कार्तिकात एका बाजारी सूर्यभानने दुपट्टा अंथरलाच नाही. नुसताच चिंचेखाली बसला होता.

"किसन्या परवा पडला वावरात," तो म्हणाला. "उजवी बाजू गेली. अकोल्याहून डॉक्टर आनला होता. थो म्हने आता असंच."

नत्थुजी उभेच राहिले.

"बोलते थोडा थोडा. सारखा चाकू मागते. वैनी देते, तं एका हातानं उघडत नाही त्याच्याच्यानं. मंग पाहत राह्यते त्याच्याइकडे." सूर्यभानने नाक पुसलं. "नत्थ्या, पुरं झालं ना आता. नियम आपनच केले होते ना बे?"

नत्थुजी घरी गेले, आपल्या बागेतली चार संत्री खुडून दुपट्ट्यात बांधली आणि किसनरावच्या दारात जाऊन उभे राहिले. माणिकबाईंनी दार उघडलं. त्या बाजूला झाल्या.

किसनराव बाजेवर होता. चेहऱ्याची एक बाजू ओढली गेली होती, पण डोळे पूर्वीचेच होते. नत्थुजींना पाहून ते डोळे आधी उजळले आणि लगेच भिंतीकडे वळले.

"बसा जी नत्थुजी," तो म्हणाला. शब्द जिभेवरून घरंगळत येत होते.

नत्थुजी खाली बसले. एक संत्रं काढलं. खिशातला चाकू काढला, उघडला आणि सवयीने जमिनीवर ठेवला, बाजेजवळ, किसनरावच्या समोर.

किसनरावने चाकवाकडे पाहिलं. डावा हात बाजेखाली सोडला. बोटं जमिनीपासून वीतभर वरच राहिली. त्याने खांदा रेटला, कण्हला, आणखी चार बोटं खाली गेला. पोचला नाही. हात लोंबत राहिला. बारा एकराचा धनी, एकोणीस चाकवांचा मालक, आणि वीतभर खालचा चाकू त्याला उचलता येईना. 

नत्थुजींनी चाकू उचलला. क्षणभर थांबले. मग तो लोंबणारा हात धरून वर घेतला आणि उघडा चाकू मुठीकडून त्याच्या तळव्यात ठेवून वरून त्याची बोटं मिटली.

"हातात देल्ला तू," किसनराव पुटपुटला.

"हो, देल्ला."

"भांडन होईन बह्याड्या."

"होऊ दे लेका," नत्थुजी त्याची मूठ धरूनच म्हणाले. "भांडाच्या निमित्तानं तरी रोज येईन मी."

त्यांनी संत्रं दोन्ही हातांत घट्ट धरून पुढे केलं. किसनरावने डाव्या हाताने पातं टेकवलं. त्या हाताला सवय नव्हती, पण धार नत्थुजींची होती. साल फाटली, रस दोघांच्याही बोटांवरून बाजेच्या सुंभावर ओघळला. पहिली फोड नत्थुजींनी त्याच्या तोंडात घातली.

किसनरावने ती बराच वेळ चघळली. मग म्हणाला, "आंबट हाय."

"आंबट? माह्या बागेतलं संत्रं आंबट?"

"चुकाच हाय निरा. याच्यापक्षा त्या वरूडवाल्यानं मस्त कलमा बांधल्या."

"शेन बांधलं त्यानं! शंभरात चाळीस! पाह्यल्या मी, रोज पाहून राह्यलो दोन वर्षांपासून! तुले अक्कल नाही म्हून त्याले बोलावलं!"

"तू काहून नाई आला मंग? आमंत्रन पाह्यजे होतं काय तुले, अक्षता घेऊन?"

"तू काहून नाई बोलावलं?"

"तू पयले बाजार काहून चुकवला?"

आवाज अंगणात गेला, अंगणातून रस्त्यावर. समोरची बाई ओट्यावर येऊन विचारू लागली, काय झालं हो? माणिकबाई दाराशी उभ्या होत्या. "काई नाई बाई," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "भांडून राह्यले. भांडू द्या."

भांडण दोन वर्षं उशिरा आलं, पण आलं ते दोन महिने टिकलं. नत्थुजी रोज दुपारी यायचे, चाकू उघडून किसनरावच्या हातात द्यायचे, एक धरायचा आणि एक कापायचा, आणि फळ संपेपर्यंत दोघे एकमेकांची अक्कल काढायचे. बाजाराच्या दिवशी सूर्यभान आणि खुशालराव दुपट्टा घेऊन बाजेपाशीच येऊन बसत. एकोणीस चाकवांची पेटी दिवाणाखालून निघे. किसनराव डाव्या हाताने दाखवी, "हा फकिराचा," आणि नत्थुजी म्हणत, "फकिराचा कायचा, चोरला तू." खुशालरावांच्या मरोडाने एकदा शेवटी बूचही उपटलं, औषधाच्या बाटलीचं. त्या दिवशी किसनराव इतका हसला की माणिकबाई घाबरल्या. जाता-येता नत्थुजींनी त्या साठ जंबेरींचे शेंडे कापून टाकले, नवे फुटवे यावेत म्हणून. तेही किसनरावला न विचारता. त्यावरूनही भांडण झालं.

पौषाच्या शेवटी एका पहाटे किसनराव गेला. झोपेतच. त्या दुपारचं संत्रं नत्थुजींच्या दुपट्ट्यात तसंच राहिलं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. नत्थुजी ओट्यावर बसले होते. माणिकबाई आतून आल्या. त्यांच्या हातात शिंगाच्या मुठीचा चाकू होता, किसनरावच्या खिशातला. दोन महिने तो त्याच्या उशीखाली होता, एकेकाळी नातवाच्या होता तसा.

"पेटी सुभद्रा नेईन," त्या म्हणाल्या. "हा तुमचा हाय म्हने. असं सांगून गेले ते."

चाकू ठेवण्यासाठी त्या वाकल्या. नत्थुजींनी तळहात पुढे केला.

"हातात द्या वैनी."

माणिकबाई थबकल्या. "भांडन होते ना नत्थुभाऊ?"

"होऊ द्या," नत्थुजी म्हणाले. "माह्यासंग भांडनारं आता दुसरं हायच कोन?"

माणिकबाईंनी चाकू हातात दिला. नत्थुजींनी तो उघडला. पातं स्वच्छ होतं, तेल लावलेलं. उघडला होता, आता काही कापल्याशिवाय मिटता येणार नव्हता. ते उठले आणि वावराकडे गेले.

जंबेरीच्या पहिल्या खुंटावर हातभर कोवळा फुटवा आला होता. नत्थुजी त्याच्याशी उकिडवे बसले. आपल्या बागेतली डोळ्यांची काडी आणि केळीचं सोपट त्यांनी कमरेलाच खोचून आणलं होतं. आडवी चीर दिली, उभी चीर दिली. साल हलकेच उचलली, डोळा आत सरकवला आणि बांधला.

"आंबट निंगालं तं मले सांगशीन," ते खुंटाला म्हणाले, आणि पुढच्या झाडाकडे सरकले. एकोणसाठ बाकी होती.